बुकित बातोकचे सुसंगतवार

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्या बऱ्याच आडनावांसारखं तेही 'वार'वर संपतं. सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या मराठी मंडळींनी शेवटचा 'वार' राहू दिला आणि त्याआधीचा भाग बदलून टाकला. हे नाव पडल्याचं कानावर गेलं तेव्हा ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ठेवा. पण मग सगळ्यांनी एकच ठेवा. कोणी सुसंगतवार, कोणी नुसतं संगतवार, असं नको."

वय पन्नाशीच्या पुढे. नोकरी चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत, म्हणजे बेटाच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला. सकाळी बुकित बातोकला गाडी पकडायची, पुढच्याच स्टेशनला, जुरोंग ईस्टला, ती बदलायची, तिथून ताना मेरापर्यंत सरळ बसून राहायचं आणि मग एक्स्पोसाठी पुन्हा बदलायची. या प्रवासात इतर लोक झोपतात. सुसंगतवार वाचतात, आणि हातात पेन्सिल असते. वाचतात ते अमेरिकेतली सुपरहिरोंची कॉमिक्स.

त्यांना शौकीन समजून तुम्ही बोलायला गेलात तर फसाल. कोण कोणाला हरवेल, कोणाची गाडी भारी, यात त्यांना रस नाही. स्पायडरमॅन भिंत कशी चढतो हा प्रश्न त्यांना आजवर पडलेला नाही. एका मासिकात काकूला शब्द देणारा माणूस त्याच महिन्यात दुसऱ्या मासिकात तो शब्द विसरून कसा हिंडतो, हा मात्र पडतो. (मे ही पीटर पार्करची काकूच. बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ. तिला मावशी म्हणणाऱ्याला सुसंगतवार चहाही विचारत नाहीत.)

त्यांचं जन्माचं वैर आहे ते क्रॉसओव्हरशी. निरनिराळ्या मासिकांतले नायक एका संकटासाठी एकत्र येतात, गोष्ट पंधरा ठिकाणी फुटते, आणि एका नायकाचा एक अंक घेणारा वाचक शेवट कळावा म्हणून पंधरा अंक घेतो. १९८४ साली मार्व्हलनं 'सीक्रेट वॉर्स' काढलं ते मॅटेल कंपनीला खेळण्यातल्या बाहुल्या खपवायला एक दणदणीत गोष्ट हवी होती म्हणून. व्यापाराबद्दल सुसंगतवारांची तक्रार नाही. "विका ना बापा," ते म्हणतात, "पण माणूस तोच ठेवा."

वुल्व्हरिनचं उदाहरण ते नेहमी देतात. एका काळी हा गृहस्थ एक्स-मेनमध्ये होता, ॲव्हेंजर्समध्येही होता आणि स्वतःच्या नावाच्या मासिकातही होता. गणेश चतुर्थीला सिंगापूरभर प्राणप्रतिष्ठा करत फिरणाऱ्या गुरुजींसारखी त्याची धावपळ. सुसंगतवारांनी त्याचं एका महिन्याचं वेळापत्रक मांडून पाहिलं आणि शेवटी शेरा लिहिला, 'झोप नाही'. हाच वुल्व्हरिन मॅड्रिपूर नावाच्या बेटावर एका डोळ्यावर पट्टी बांधून राहतो. हे बेट मार्व्हलनं १९८५ मध्ये आपल्या सिंगापूरच्या शेजारी वसवलं. बुटका, केस दोन्ही बाजूंनी शिंगांसारखे उभे, आणि एका पट्टीमुळे त्याला कोणी ओळखू नये अशी अपेक्षा! "आमच्या ब्लॉकच्या खाली बसणाऱ्या आज्यांनी एका मिनिटात ओळखला असता," इति सुसंगतवार. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्या आज्या मीही पाहिल्या आहेत.

खरी जखम मात्र २००६ सालची. त्या वर्षी मार्व्हलचं 'सिव्हिल वॉर' आलं. मार्क मिलरनं लिहिलेले मुख्य अंक सात, आणि आजूबाजूला जोडअंकांचा गोतावळा. मुखवटेवाल्या नायकांनी सरकारदरबारी नोंदणी करायची असा कायदा होतो, आयर्न मॅन कायद्याच्या बाजूनं, कॅप्टन अमेरिका विरुद्ध. कल्पना उत्तम आहे, हे सुसंगतवारही मानतात. पण मुख्य अंकांत टोनी स्टार्क (म्हणजेच आयर्न मॅन) जुन्या सोबत्यांना निगेटिव्ह झोनमधल्या तुरुंगात टाकतो, त्यांना धरून आणायला नामचीन खलनायक कामावर ठेवतो, थॉरची नक्कल तयार करतो आणि त्या नकलेच्या हातून गोलायथ मरतो. शेजारच्या अंकांत हाच टोनी समजूतदार, हळवा, मित्रांसाठी जीव तुटणारा. कायदा म्हणजे नक्की काय, तेही ज्यानं त्यानं सोयीनं ठरवलेलं. एका लेखकाच्या मते नाव नोंदवलं की काम झालं, दुसऱ्याच्या मते नोंदवलं की सरकारी नोकरी सक्तीची.

"माणूस बदलतो की," मी एकदा म्हणालो.

"बदलावा. पण बदलताना दिसावा. काहून बदलला ते कळावं. हे लोक मध्यंतरात बदलून आणतात आणि म्हणतात हाच तो."

मला हे पटलं. कॉमिक्सबद्दल नाही, एकूणच.

त्यानंतरच्या वर्षी 'वन मोअर डे' आलं. १९८७ मध्ये लागलेलं पीटर आणि मेरी जेनचं लग्न, काकूचा जीव वाचावा म्हणून, मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून पुसून टाकलं. घटस्फोट नाही, भांडण नाही, लग्न झालंच नव्हतं! लेखक स्ट्राझिन्स्की यांनाच शेवट मान्य नव्हता आणि शेवटच्या दोन अंकांवरून आपलं नाव काढावं असा त्यांचा विचार होता. सुसंगतवारांनी ही गोष्ट घरात सांगितली तेव्हा त्यांच्या सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. "काकूसाठी बायको सोडली?" एवढंच त्यांनी विचारलं. सुसंगतवारांच्या स्वतःच्या काकू तेव्हा महिनाभरासाठी नागपूरहून आल्या होत्या. विषय तिथेच थांबला.

हे सगळं वैभव कुठे ठेवलं आहे ते पाहण्यासारखं आहे. सिंगापूरच्या नव्या सरकारी इमारतींत प्रत्येक घराला जाड भिंतींची, पोलादी दाराची एक खोली असते. युद्धात बॉम्ब पडले तर कुटुंबानं तिथे शिरायचं. भिंत फोडायची परवानगी नाही. बाकीचे लोक तिथे सुटकेस आणि जुना पंखा ठेवतात. सुसंगतवारांनी कॉमिक्स ठेवली, आणि इथल्या दमट हवेत कागद पिवळा पडतो म्हणून हवेतलं पाणी शोषणारं यंत्रही आणलं. सौभाग्यवतींनी त्या खोलीचा अभ्यास केला आणि आठवडाभरात पापड, कुरडया, सांडगे आत हलवले. सिंगापुरात वर्षभर कुरकुरीत राहणारे सांडगे मी फक्त या घरात खाल्ले आहेत. आता 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'चे बाराही अंक ज्वारीच्या पापडांच्या डब्याला टेकून उभे असतात. युद्ध झालं तर कुटुंबाला मात्र बाहेर राहावं लागेल.

या आवडीचं मूळ नागपुरात आहे. लहानपणी घरी इंद्रजाल कॉमिक्स यायची. ही मालिका १९६४ ते १९९० चालली, मराठीतही निघाली, आणि तिच्यातल्या ली फॉकच्या फँटमला आपण वेताळ म्हणून ओळखतो. वेताळाचा मूळ देश बंगाला. इंद्रजालनं तो डेंकाली केला. समुद्रावरचे सिंग चाचे होते, त्यांचे सिंगा झाले. छोट्या सुसंगतवारांच्या हाती एकदा इंग्रजी वृत्तपत्रातली पट्टी पडली आणि तिच्यात देशाचं नाव वेगळं निघालं. त्या रात्री म्हणे त्यांना झोप आली नाही. इतर मुलं अंधारात भुताला भितात, हे देशाचं नाव बदलल्यानं घाबरले.

मात्र वेताळाबद्दल त्यांच्या मनात आदर आहे. सुपरहिरो म्हातारा का होत नाही, या प्रश्नावर अमेरिकी कंपन्या वर्षानुवर्षं डोकं खाजवतात. वेताळानं तो पिढीजात सोडवला. १५३६ पासून बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, जंगलातल्या लोकांना वाटतं तोच तो. एकविसावा चालू आहे आणि हिशेबात एक दिवसाचाही घोळ नाही. असाच आदर त्यांना सॉनी ल्यू या सिंगापूरच्या चित्रकाराबद्दल आहे. 'द आर्ट ऑफ चार्ली चॅन हॉक चाय' हे त्याचं २०१५ चं पुस्तक. कधी नसलेल्या एका चित्रकाराचं अख्खं आयुष्य, त्या त्या काळच्या शैलीत काढलेल्या त्याच्या चित्रांसकट, इतकं बिनचूक मांडलंय की हा माणूस खरंच होऊन गेला असं अनेकांना वाटलं. २०१७ मध्ये त्याला तीन आइस्नर पारितोषिकं मिळाली. सुसंगतवारांनी ते पेन्सिल घेऊन वाचलं आणि पेन्सिल न वापरता ठेवलं. त्यांच्या लेखी हे चौथं पारितोषिक.

आता एवढंच असतं तर आम्ही शेजारी सुखात असतो. पण हा माणूस पेन्सिल खिशात ठेवून लोकांत येतो. मागच्या दिवाळीला वांगं वर्ज्य म्हणणाऱ्याच्या ताटात यंदा भरलं वांगं दिसलं की सुसंगतवार हात आखडून बघत राहतात. कोणाची आजी आपल्या लग्नाची गोष्ट रंगात येऊन सांगते, मुसळधार पाऊस, वरात अडकलेली, आणि इकडून हळूच आवाज येतो, "आजी, मागच्या वेळी पाऊस नव्हता." वेस्ट मॉलजवळच्या कॉफी शॉपमध्ये एक चिनी अंकल वर्षानुवर्षं सुटे पैसे टेबलावर आपटत आले आहेत. एकदा त्यांनी ते हसून हातात दिले. सुसंगतवारांची तेह हालिया (म्हणजे आल्याचा चहा) थंड झाली. "काहीतरी झालंय," ते म्हणाले, "हा यांचा स्वभाव नाही." दोन दिवसांनी कळलं की अंकलना नातू झाला होता. "मग ठीक," म्हणून त्यांनी ती नोंद बंद केली.

त्यांना निरुत्तर केलेलं मी एकदाच पाहिलं आहे. बुकित बातोक वेस्टला एकाकडे वास्तुशांतीची सत्यनारायणाची पूजा होती. पाचवा अध्याय सुसंगतवारांचा विशेष आवडता. सगळ्या पात्रांचा पुढच्या जन्मीचा हिशेब एका दमात चुकता होतो. शतानंद ब्राह्मण सुदामा झाला, लाकूडविक्या भिल्ल गुह झाला, उल्कामुख दशरथ, साधुवाणी मोरध्वज आणि तुंगध्वज राजा स्वायंभुव मनू. "बघा, चार ओळींत रामायण आणि भागवत जोडून दिलं," असं ते दर पूजेला शेजारच्याला सांगतात. त्या दिवशी मात्र प्रसादाची वाटी हातात असताना त्यांना खटकलं.

"गुरुजी, स्वायंभुव हा तर पहिलाच मनू. मग तुंगध्वज त्याच्या आधी राज्य करून गेला तो कधी?"

गुरुजींना अजून एका घरी जायचं होतं. पिशवीत पळी-पंचपात्र भरता भरता ते म्हणाले, "कल्पभेद." आणि चपला शोधायला लागले.

म्हणजे त्या कल्पातली गोष्ट वेगळी, या कल्पातली वेगळी. सुसंगतवार वाटी धरून तसेच उभे. डीसी कंपनीला हेच सांगायला १९८५ मध्ये 'क्रायसिस'चे बारा अंक लागले होते. साठत गेलेल्या अनंत पृथ्व्या आणि त्यांवरचे दोन-दोन सुपरमॅन निस्तरून एकच पृथ्वी ठेवायची म्हणून सुपरगर्लला मारलं, फ्लॅशला मारलं. निस्तरून झाल्यावर हॉकमन नक्की कोणता हे कोणाला सांगता येईना, म्हणून १९९४ मध्ये 'झीरो अवर' काढून पुन्हा निस्तरलं, आणि २००५ मध्ये 'इन्फिनिट क्रायसिस' काढून तिसऱ्यांदा. आमच्या गुरुजींनी एका शब्दात काम उरकलं, तेही दक्षिणेचा आकडा आधी न सांगता.

पुढे काही दिवस सुसंगतवार पुराणांच्या बाजूनं बोलत होते. आपल्याकडे पात्र दुसऱ्या ग्रंथात न्यायचं तर त्याला आधी चिरंजीव करतात आणि स्वभाव जिथल्या तिथे ठेवतात, असं त्यांचं निरीक्षण. परशुराम रामायणात क्षत्रियावर खवळतो, महाभारतात कर्ण क्षत्रिय असल्याचा संशय येताच त्याच्यावरही खवळतो. वनात वाट अडवून पडलेला मारुती भीमाला शेपूट उचलून दाखव म्हणतो. मस्करी तीच, प्रेमही तेच. जांबवान स्यमंतक मण्यासाठी कृष्णाशी अठ्ठावीस दिवस झुंजतो आणि मग ओळखतो की हे आपलेच. कर्णाचं नाव निघालं की मात्र ते सावध होतात. १९६७ चा 'मृत्युंजय' वाचून ज्या घरात कर्ण आला आहे, तिथे घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळालेल्या कर्णाची आठवण काढता येत नाही. सौभाग्यवतींच्या माहेरी 'मृत्युंजय'च्या दोन प्रती आहेत.

आणि मग गणेशोत्सवातलं मुलांचं नाटक माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येकाला आपल्या आवडीचं पात्र हवं होतं. त्यामुळे फास्टर फेणे, बिरबल, तानाजी मालुसरे आणि स्पायडरमॅन असे चौघे लिटल ग्विलिनच्या तळ्याकाठी जमले. ही आमच्या इथली जुनी दगडाची खाण. कडा सरळ तुटलेला, खाली पाणी, कधीमधी कडेनं घोरपडही दिसते. तानाजीसाठी एवढं पुरे होतं. कड्यावर खजिना, तानाजी घोरपडीला दोर बांधून चढणार. पण शेजारी स्पायडरमॅन उभा. त्याला दोर लागत नाही, घोरपड लागत नाही. तो गेला की नाटक संपलं. म्हणून मी त्याला सर्दी झाल्याचं लिहिलं.

संहिता वाचून सुसंगतवारांचा चेहरा पडला. "ऐन वेळी सर्दी! सिव्हिल वॉर झालं हे." इतक्यात स्पायडरमॅनच्या आईचा फोन आला. आपला मुलगा पूर्ण अंकभर शिंकत राहणार का, अशी पृच्छा होती. तानाजीच्या वडिलांचं म्हणणं, स्पायडरमॅन बरा झाला तर आमच्याला काम काय? फास्टर फेणेचे आजोबा पुण्याचे. बनेश फेणे फुरसुंगीचा आहे याचा उल्लेख व्हायला हवा आणि 'ट्टॉक' किमान तीनदा हवं, अशी त्यांची मागणी. त्या आठवड्यात मला अमेरिकी संपादक पहिल्यांदा समजले. १९९६ मध्ये मार्व्हल आणि डीसीनं आपले नायक एकमेकांशी लढवले तेव्हा पाच लढतींचे निकाल वाचकांच्या मतांवर लावले होते. वुल्व्हरिननं लोबोला हरवलं, पण हरवताना दाखवायची सोय नव्हती, म्हणून ती मारामारी दारूच्या गुत्त्यातल्या काउंटरच्या मागे उरकली. क्रॉसओव्हरमध्ये पात्राचा स्वभाव लेखक बिघडवत नाही. त्या पात्रांचे पालक बिघडवतात. प्रत्येकाला आपलं पोर जिंकायला हवं असतं, आणि त्यासाठी दुसऱ्याच्या पोरानं थोडा वेळ बावळट व्हायला हवं असतं.

सुसंगतवारांनी सूत्रं हाती घेतली. बिरबल वारला १५८६ मध्ये, कोंढाणा पडला १६७० मध्ये, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांचं अंतर. ते भरून काढायला त्यांनी बिरबलाच्या तोंडी नऊ वाक्यं घातली. स्पायडरमॅनची सर्दी काढून त्याऐवजी त्याला एक नैतिक पेच दिला, की दुसऱ्याचा मान आपण हिरावून घ्यावा का. पेच चांगला होता, पण तो सोडवायला सहा वाक्यं लागली. वीस मिनिटांचं नाटक अडतीस मिनिटांचं झालं आणि त्यातली निम्मी मिनिटं सगळे इथे कसे आले हे सांगण्यात जात होती. त्यातही नवीन भोकं पडत होती. तानाजीला सायकल पाहून आश्चर्य का वाटत नाही, हे रंगीत तालमीच्या दिवशी लक्षात आलं.

प्रयोगाला आठ वर्षांचा बिरबल पुढे आला. मिशी एका बाजूनं सुटलेली. समोर दोनशे माणसं पाहून त्याची नऊच्या नऊ वाक्यं गेली. तालमीत सुसंगतवारांच्या तोंडून शंभरदा ऐकलेला एक शब्द तेवढा राहिला होता. तो म्हणाला, "कल्पभेद," आणि जाऊन दगडावर बसला. पहिल्या रांगेत गुरुजी होते. ते इतके हसले की शेजारच्यानं पाणी आणलं. मग स्पायडरमॅनला पेच आठवेना, त्यानं तानाजीचा दोर खालून धरला आणि "तू जा, मी धरतो" एवढंच म्हणाला. नाटक अठरा मिनिटांत संपलं.

"वाक्यं गाळली," बाहेर पडताना सुसंगतवार म्हणाले. मी मान खाली घातली. "पण स्पायडरमॅन बरोबर वागला. तो असाच वागला असता." त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कोणाला मिळाल्याचं मला माहीत नाही.

मार्व्हलमध्ये स्टॅन लीच्या काळी चूक शोधणाऱ्या वाचकाला 'नो-प्राइझ' देत. घरी पाकीट यायचं आणि ते रिकामं असायचं. पुढे नुसती चूक दाखवून भागेना. ती चूक नाहीच, हे पटवावं लागे. हे काम स्टॅन ली स्वतः उत्तम करत. १९६४ मध्ये ब्रूस बॅनरचं नाव चुकून बॉब छापलं गेलं, तर त्यांनी पुढे त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असल्याचं जाहीर केलं. आम्हीही उत्सवाच्या शेवटी सुसंगतवारांना असंच एक पाकीट दिलं. त्यांनी उघडून, आत नीट पाहून, जपून खिशात ठेवलं. ते आता बॉम्ब शेल्टरमध्ये आहे, सांडग्यांच्या डब्यावर.

शेवटी एक विनंती. त्यांचे लहानपणचे इंद्रजालचे मराठी अंक नागपूरच्या घराचं रंगकाम निघालं तेव्हा थोरल्या भावानं रद्दीत घातले. भाऊ हे कधी मान्य करतो, कधी करत नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त दुःख आहे. तुमच्याकडे माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या पेटीत ते अंक असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. सिंगापूरला येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठवा. मुखपृष्ठ नसलं तरी चालेल. मधली पानं मात्र सगळी असू द्या.